उल्कामानवाचा शेवटचा श्वास

उल्कामानव मेला आणि लोक हसले.

आधी कुणी हसलं नव्हतं. कोसळलेल्या पुलाच्या ढिगाऱ्यात तो उताणा पडला होता, नायिका त्याच्या पोलादी छातीवर डोकं टेकून बसली होती, आणि मीरा रोडच्या त्या गारेगार थिएटरात, मे महिन्यातल्या रविवारी भर दुपारी, दोनेकशे माणसं अंधारात पायांनी चपला चाचपत होती. तेवढ्यात मुखवट्याआडून एक श्वास आला. लांब, खोलातून खेचून आणलेला, शेवटाला जरा अडकलेला. नायिकेने डोकं उचललं. श्वास थांबला. तिने पुन्हा डोकं टेकलं, व्हायोलिनं पुन्हा रडायला लागली, आणि पुन्हा श्वास आला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अरे भाई, एक बार डिसाइड कर ले," आणि अख्खं थिएटर हसलं. कडेच्या खुर्चीत बसलेल्या आत्माराम शिर्केने खुर्चीचा हात घट्ट धरला. तो श्वास त्याचा होता. म्हणजे माइकसमोर काढला त्याने होता. मूळ श्वास त्याच्या वडिलांचा, आप्पांचा होता, ते चार वर्षांपूर्वी वारले होते. आणि आप्पांची मुलगी, आत्मारामची सख्खी धाकटी बहीण मंदा, त्याच रांगेत दोन खुर्च्या सोडून बसली होती.

मधल्या दोन खुर्च्यांत त्याची बायको सुचेता आणि मंदाची मुलगी दिव्या. तिकिटं दिव्याने काढली होती. उल्कामानवाचा तिसरा आणि शेवटचा भाग, त्यात आपला मामा आहे, मग सगळ्यांनी मिळून नको का बघायला, असं म्हणून तिने आईला भाईंदरच्या केबिन रोडवरून रिक्षात घालून आणलं होतं, आणि मामाला मात्र सांगितलं नव्हतं. थिएटरच्या पायरीवर मंदा दिसली तेव्हा आत्मारामला आधी आनंदच झाला. चार वर्षांत बहीण त्यांच्या घरी आली ती गणपतीला, पाच मिनिटं, उभ्या उभ्या. आज ती सरळ सुचेताच्या शेजारून चालत आत गेली. बोलली नाही, पण चालली तरी. आणि मग अंधार झाल्यावर त्याला आठवलं की शेवटच्या दहा मिनिटांत पडद्यावर काय येणार आहे. तेव्हापासून सिनेमा कमी आणि ती दहा मिनिटंच तो जास्त बघत होता.

मामा सिनेमात आहे म्हणजे तसा कुठेच नाही. इंग्रजी सिनेमे हिंदीत करतात तेव्हा नायकाचे संवाद म्हणणारा एक असतो. उल्कामानवाला जितेश म्हणून एका देखण्या आवाजाच्या तरुणाने आवाज दिला होता. पण जितेश कण्हत नसे. ओरडणं, कण्हणं, धापा टाकणं, उंचावरून पडणं, पोटात ठोसा खाणं, या सगळ्याला स्टुडिओत रिअ‍ॅक्शन म्हणतात, आणि एका दुपारच्या रिअ‍ॅक्शननी चांगला गळा आठवडाभर बसतो. जितेशला दुसऱ्या दिवशी साबणाची जाहिरात असायची. म्हणून ते काम विमा कंपनीच्या टपाल विभागातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या आत्मारामकडे आलं. कामगार नाट्यस्पर्धांत त्याने वीस वर्षं प्रेतं, जखमी शिपाई आणि दम्याचे म्हातारे केले होते. एकही बक्षीस नाही, पण मरावं तर शिर्केंनी, असं परीक्षक म्हणत. तेव्हा तीनही भागांत उल्कामानव बोलतो तो जितेश, आणि त्याला लागतं तो आत्माराम. पहिल्या भागात राक्षसी यंत्राने त्याला भिंतीवर आपटलं तेव्हा जे कण्हणं गाजलं, ते आत्मारामच्या अठ्ठ्याण्णव सालच्या मुतखड्याचं होतं. दुसऱ्या भागात तो जळती बस उचलतो तेव्हा आत्मारामने लिफ्ट बंद असताना चौथ्या मजल्यावर चढवलेला गॅसचा सिलिंडर उचलला होता. हे तो कुणाला सांगत नसे. सुचेताला सांगावं लागलं नव्हतं, पहिला भाग बघताना तिने अंधारात त्याच्या मांडीवर चापट मारून विचारलं होतं, "अहो, हा मुतखडा ना?"

आत्माराम तसा सुखी माणूस. काळाचौकीच्या चाळीतून मीरा रोडला आला तेव्हा नातेवाईक म्हणाले, जंगलात गेलास. पण खिडकीतून मिठागरं दिसायची, पांढरे ढीग उन्हात चमकायचे, आणि आप्पांना सकाळी चालायला लांबच लांब बांध मिळाला. पुढे मिठागराच्या आड इमारती उभ्या राहिल्या, तरी एक फट शिल्लक राहिली आणि ती नेमकी त्यांच्या स्वयंपाकघरासमोर आली. बुधवारी तारोडीची कोळीण दारात पाटी उतरवे आणि सुचेताशी अर्धा तास भांडून शेवटी एक बोंबील वर टाकून जाई. स्टुडिओचं बोलावणं आलं की खिशात खडीसाखर आणि लवंग टाकून अंधेरीला जायचं, चार तास मार खायचा, गरम पाणी पीत घरी यायचं. आणखी माणसाला काय लागतं? एकच कुसळ होतं, जिभेला लागणारं. आणि ते आज दोनशे माणसांसमोर सिनेमास्कोपमध्ये आलं होतं.

मार्चमध्ये हे काम झालं तेव्हाच तिसऱ्या भागाचं लक्षण ठीक दिसत नव्हतं. पहिल्या दोन भागांत उल्कामानव कमी बोले आणि जास्त मार खाई. आता त्याचं लग्न ठरलं होतं, त्याला तीन खलनायक होते आणि तिघांशीही तो चर्चा करत होता. नाकापेक्षा मोती जड तसा त्याचा पोशाख वाढला होता. आधी अर्ध्या चेहऱ्यावर असलेला मुखवटा आता हनुवटीखाली उतरून तोंड पूर्ण झाकत होता. आत्मारामला दिवसभरात जेमतेम चौदा ठोसे मिळाले. शेवटी मरण आलं. मूळ इंग्रजीत तिथे काहीच नव्हतं, नुसती शांतता. डबिंगचा दिग्दर्शक अभिनव, गळ्यात हेडफोन, डोळ्यांत तीन दिवसांची झोप, काचेपलीकडून म्हणाला, "शिर्के अंकल, पब्लिक को पता तो चले कि मर गया. मास्क है, लिप्स का टेन्शन नहीं. कुछ भी दे दो." आता, इतक्या वर्षांत कुणी आत्मारामला कुछ भी दे दो असं म्हटलं नव्हतं. ओठ जुळवायचे नाहीत, वेळ मोजायची नाही, समोर एक बंद पोलादी तोंड आणि त्याच्या मागे हवं ते. त्याने डोळे मिटले. मुतखडा नको, सिलिंडर नको. छातीच्या तळाशी काहीतरी आपोआप हललं आणि बाहेर आलं, थांबलं, तो वाट बघत राहिला, कारण तिथे थांबायचंच असतं हे त्याच्या छातीला ठाऊक होतं, पुन्हा आलं, पुन्हा थांबलं, तिसऱ्यांदा आलं आणि मग नाही. डोळे उघडले तर काचेपलीकडे अभिनव हेडफोन काढून उभा होता. "ये कहाँ से लाए?" त्याने विचारलं. "घर से," आत्माराम म्हणाला. आणि स्टेशनपर्यंत चालत येताना त्याला लाज वाटली. फोटो अल्बममध्ये असतो, कपडे कुणाला देता येतात, चष्मा अजून कपाटात आहे. श्वास कुठे ठेवायचा हे कळत नव्हतं, म्हणून आपण तो तिथे ठेवला, असं त्याने स्वतःला समजावून पाहिलं. पटलं अर्धवट.

आप्पा म्हणजे महिपत शिर्के, गोदीतले हिशेबनीस, वेळेचे इतके पक्के की त्यांची वेळ पाळताना घरच्यांचा जीव जाई. गावची गाडी रात्री नऊला असेल तर सहाला बॅगांवर बसून. लग्नाच्या पंगतीला भटजींच्या आधी. जन्मात कुणाला ताटकळत ठेवलं नाही, आणि कुणी ठेवलेलं सोसलं नाही. ते गेले ते दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत, दुपारी, हॉलमधल्या लोखंडी पलंगावर. डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते की आता काही तासच. मंदा आली होती, सुचेता उशाशी होती, आणि शेजारचे काशीनाथ, जे प्रत्येकाच्या मरणाला उपयोगी पडत, हातात घड्याळ घेऊन पायाशी उभे होते, कारण दाखल्यावर वेळ लिहावी लागते. श्वास थांबला. सुचेताने तुळशीचं पान आणि गंगाजल तोंडात घातलं. मंदाने हंबरडा फोडला. काशीनाथ म्हणाले, "चार वाजून दहा मिनिटं." आणि आप्पांनी श्वास घेतला. मंदाचा हंबरडा मध्येच तुटला. सगळे वाकून बघत राहिले. थांबला. बराच वेळ थांबला. मंदाने पुन्हा सूर लावला, या वेळी जरा बेताने. काशीनाथांनी घड्याळ डोळ्यांशी नेलं, "चार तेरा." आप्पांनी पुन्हा श्वास घेतला. मग जे झालं ते आत्मारामला कितीही वेळा आठवलं तरी तसंच आठवतं. काशीनाथांनी घड्याळ तिसऱ्यांदा वर उचललं, आप्पांकडे पाहिलं, आणि काही न बोलता, संशयाने, हळूच खाली नेलं. जन्मभर सगळ्यांच्या आधी पोचणारे आप्पा यमाला दारात ताटकळत ठेवत होते. आत्मारामच्या पोटातून हसू आलं. त्याने ते नाकात दाबलं, तरी फुटलं. सुचेताने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्याने आवरेना. ती तोंडावर पदर धरून खांदे हलेपर्यंत हसली. मंदाने वर पाहिलं तेव्हा तिला सुचेता दिसली. आप्पांनी तिसरा श्वास घेतला आणि ते गेले. चार सतरा.

एवढ्यावर मिटलंही असतं. पण दहाव्या दिवशी भाईंदरच्या खाडीवर पिंडाला कावळा शिवेना. झाडावर आठ कावळे, एकही खाली येईना. दीड तास झाला. गुरुजींना पुढचा विधी होता. दिव्याच्या लग्नाचं बघू म्हणून झालं, गावच्या घराचं छप्पर शाकारू म्हणून झालं, चुलत्यांशी भांडण मिटवू म्हणून झालं, कावळे ढिम्म. तेव्हा मंदा सगळ्या भावकीसमोर म्हणाली, "कसा शिवेल? बाप जात होता आणि घरची सून हसत होती." सगळ्यांनी सुचेताकडे पाहिलं. सुचेताने आत्मारामकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, एक क्षण, आणि मान खाली घातली. मंदाने विचारलं, "दादा, तू होतास ना तिथे? हसली की नाही?" आत्माराम खाडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझं लक्ष नव्हतं." तीन शब्द. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले. त्या दिवसापासून मंदा सुचेताशी बोलली नाही. आणि सुचेता कधी काही म्हणाली नाही. ना त्या रात्री, ना नंतर. चहा वेळेवर, डब्यात त्याच्या आवडीची वाल-वांग्याची भाजी, पहिल्यासारखीच थट्टा. ती टाकून बोलली असती तर तो केव्हाच मोकळा झाला असता. तो सुखी होता तो तिच्या जिवावर, हे त्याला कळत होतं, आणि हे कळणं काही रोज टोचत नसे, हीच त्यातली वाईट गोष्ट होती.

आणि आता थिएटर हसत होतं. नायिकेने डोकं टेकलं होतं, मुखवटा निश्चल होता, आणि आत्मारामला ठाऊक होतं की अजून एक बाकी आहे. त्याला वाटलं उठावं, दिवे लावायला सांगावं, निदान मंदाला काहीतरी कारण काढून बाहेर न्यावं. ती ओळखणार. तिने ओळखलंच असेल. आपल्या बापाचा शेवटचा श्वास भाऊ विकून आला, आणि त्यावर पॉपकॉर्न खाणारी माणसं हसतायत. आता ती उठेल, त्याच्या गुडघ्यांना धक्का देत बाहेर जाईल, आणि या जन्मात पुन्हा तोंड बघणार नाही. आणि तेही सुचेताच्याच खात्यावर जमा होईल, कारण वाईट सगळं तिच्याच खात्यावर जमा करायची त्यांच्याकडे सवय पडली होती. मान वळवून बघण्याचं धाडस होईना. तो समोर बघत राहिला, आणि बघता बघता, कानांची सवय म्हणा, आवाज ऐकायला लागला. दुसऱ्या श्वासानंतर हसू विरलं होतं. आता शांतता होती, पण मघासारखी कंटाळ्याची नाही. सगळे वाट बघत होते. दोनशे माणसांनी, ज्यांना अडीच तास उल्कामानव जगला काय मेला काय सारखंच होतं, त्यांनी स्वतःचे श्वास धरले होते. समोरच्या रांगेतला एक जाडा माणूस पुढे वाकला होता. घेतो का अजून? घेतो का? आणि पोलादी तोंडामागून तिसरा श्वास आला, तसं थिएटर असं हसलं की टाळ्याच पडल्या. त्या हसण्यात आत्मारामने कुचेष्टा शोधली. सापडली नाही. त्यात सुटका होती. अजून आहे बाबा, अजून गेला नाही, एवढीच गोष्ट, आणि ती ऐकून माणसाचं पोट आपोआप हलतं. तो घरच्या हॉलमध्ये हसला होता तो याच जागी. आप्पा अजून होते म्हणून तो हसला होता. चार वर्षं ज्याला तो स्वतःच्या आतला एक घाणेरडा कोपरा समजत होता, तो या जाड्या माणसाच्या आतही होता, मागच्या टवाळ पोरांच्या आतही होता. त्याला एकदम हलकं वाटलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं, आणि पडद्यावर नावं धावायला लागली. हिंदी आवाजांची नावं इंग्रजी सिनेमात देत नाहीत. त्याला त्याचं कधीच काही वाटलं नव्हतं, आज तर अजिबात नाही.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. नया नगरकडे जाणाऱ्या रिक्षांची रांग, उसाच्या रसाच्या गाडीची घुंगरं, आणि थिएटरातून बाहेर पडलेली माणसं, आपापले पैसे कसे बुडाले ते एकमेकांना सांगत. दिव्या सगळ्यात नाराज होती. "काय बंडल एंडिंग केलंय, मामा. पहिले दोन पार्ट काय होते! आणि ह्याच्यात नुसतं बोलतोय, बोलतोय. तुला तर काहीच काम नाही दिलं."

"दिलं की थोडं," आत्माराम म्हणाला.

रसाच्या गाडीपाशी चौघे थांबले. मंदा पदराने मान पुसत होती. तिने सुचेताच्या बाजूने न बघता, रस्त्याकडे बघत म्हटलं, "सिनेमात तर काय दम न्हवता. एवढा लांबलचक. पण ते शेवटी मरताना..." ती थांबली. आत्मारामच्या हातातला ग्लास गार होता, बोटं बधिर होत होती. "ते तो दोनदा थांबला ना मध्ये," मंदा म्हणाली, "मला आप्पांची आठवण झाली रे. सेम तसं. काशीनाथ घड्याळ घेऊन उभे, आणि आपले आप्पा काय जायचं नाव घेईनात." तिच्या ओठांचा एक कोपरा हलला, तिने तो दाबला, पण डोळे ऐकेनात. "मी हसले आत्ता. एवढ्या जोरात हसले. आणि मग म्हटलं, बघ, बापाची आठवण काढून हसतेय मी बया. तुला नाही आलं हसू?"

दिव्या एकदा आईकडे, एकदा मामाकडे बघत होती. सुचेता ग्लासातला बर्फ हलवत होती. तिने वर पाहिलं नाही. खाडीवर तिने पाहिलं होतं. आज पाहत नव्हती. आपल्यावर आणखी ओझं नको म्हणून ती पाहत नाही, हे आत्मारामला कळलं, आणि त्याला तिची इतकी माया आली की घसा, जो तीन सिनेमांत कधी बसला नव्हता, तो बसला.

"आलं," तो म्हणाला. "तेव्हाही आलं होतं. तेव्हा आधी मी हसलो, मंदा. मला बघून हिला हसू आलं. खाडीवर मी खोटं बोललो."

गाडीवाल्याने चरकात आणखी एक ऊस घातला, घुंगरं वाजली. मग मंदाने हातातला ग्लास गाडीच्या कडेवर ठेवला, सुचेताजवळ गेली, आणि तिच्या खांद्यावर घसरलेला पदर, कारण नसताना, नीट केला. "वहिनी," एवढंच म्हणाली.

सुचेताने तिचा हात तसाच खांद्यावर धरून ठेवला. नवऱ्याकडे बघितलं, चांगलं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "एवढं बोलायला तीन सिनेमे लागले होय तुम्हाला?"